मेंदूएवढेच मन?

अकोल्याच्या जठारपेठेत संध्याकाळी औषधाच्या दुकानापुढे चार ओळखीचे लोक थांबले आणि बोलणे कुणाच्या आजारपणावर गेले, की एक वाक्य हमखास येते : ‘सारा डोक्यातल्या केमिकलचा खेळ हाये बाप्पा.’ म्हणणारा कधी निवृत्त विज्ञानशिक्षक असतो, कधी औषध कंपनीचा प्रतिनिधी, कधी ‘नीट’ची तयारी करणारा मुलगा. त्याचे पुढचे म्हणणेही ठरलेले असते. मन, जाणीव, आत्मा या जुन्या काळच्या गोष्टी. खरा आहे तो मेंदू, त्यातल्या पेशी आणि त्यांचे विद्युत-रासायनिक व्यवहार. विषय संपला.

या मताला भौतिकवाद किंवा जडवाद म्हणतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी १९४१ मध्ये ‘जडवाद’ याच नावाचे पुस्तक लिहिले, तेव्हा मराठीत या मतासाठी वाद घालावा लागत होता. आज उलटे झाले आहे. सुशिक्षित घरांत ते इतके रुळले आहे की त्यावर शंका घेणारा एक तर कुठल्या तरी बुवाच्या नादी लागलेला असणार किंवा विज्ञान न शिकलेला, असे गृहीत धरले जाते. माझे म्हणणे असे की भौतिकवादाच्या बाजूने दिला जाणारा पुरावा खरा आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष त्या पुराव्याच्या बळावर उभा राहत नाही. आणि हे म्हणायला बुवाची गरज लागत नाही.

खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा. दुबळा करून पाडलेला प्रतिपक्षी हा विजय नव्हे. १८४८ मध्ये अमेरिकेत फिनिअस गेज नावाच्या रेल्वे मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. माणूस वाचला, पण त्याचा स्वभाव पालटला असे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनी नोंदवले. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी मेंदूच्या डाव्या भागातल्या एका जागेचा बोलण्याशी असलेला संबंध दाखवला. भूल दिली की जाणीव जाते, उतरली की येते. स्मृतिभ्रंशात पेशी झडत जातात तसतशी आयुष्यभराची ओळख पुसली जाते. यावर भौतिकवादी दोन युक्तिवाद चढवतो. एक, विज्ञानाचा इतिहास : वीज, रोगराई, ग्रहणे, सगळ्यांची अलौकिक कारणे गेली आणि भौतिक कारणे आली, मनाचेही तेच होणार. दुसरा अधिक धारदार : प्रत्येक भौतिक घटनेला पुरेसे भौतिक कारण असते. तहान लागली म्हणून माझा हात तांब्याकडे जात असेल, तर ती तहान तरी भौतिक असली पाहिजे, नाही तर निरुपयोगी.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. चार्वाकांनी दृष्टांत दिला होता की पृथ्वी, आप, तेज, वायू यांत सुटे सुटे चैतन्य नसते, पण किण्वापासून जशी मदशक्ती उपजते तसे भूतांच्या संयोगातून चैतन्य उपजते. आजच्या भाषेत हा उद्भववाद. दृष्टांत चतुर आहे, पण त्यात एक जागा झाकलेली आहे. पिठाचे आणि साखरेचे मद्य होते ते रसायनशास्त्र पायरीपायरीने सांगते, त्यात गूढ काही उरत नाही. मद चढतो तो मात्र भांड्याला नव्हे, पिणाऱ्याला. म्हणजे दृष्टांतातले जे अंग चैतन्यासारखे वाटते, ते आधीच चैतन्य असलेल्या माणसाकडून उसने आणले आहे. ते काढून घेतले तर उरते ती एका द्रवाची दुसऱ्या द्रवात झालेली फेरफार, आणि तिच्याबद्दल कुणाचा वाद नव्हताच.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात, तिसऱ्या पादाच्या शेवटाकडे, देहात्मवाद्यांना उत्तर दिले आहे. त्यांचे सगळे युक्तिवाद आज चालणार नाहीत. देह पडून असतो आणि चैतन्य नसते, म्हणून चैतन्य देहाचा धर्म नव्हे, असे ते म्हणतात. आजचा डॉक्टर यावर सहज उत्तर देईल की प्रेतात देह असला तरी मेंदूचे कार्य थांबलेले असते. पण त्यांचा दुसरा मुद्दा अजून जसाच्या तसा उभा आहे. दिवा असला की वस्तू दिसते, दिवा नसला की दिसत नाही. एवढ्यावरून दिसणे हा दिव्याचा धर्म ठरत नाही. दिवा हे उपकरण झाले. तसेच देह असताना जाणीव असते आणि नसताना नसते, एवढ्याने जाणीव हा देहाचा धर्म सिद्ध होत नाही.

ब्रोकापासून एमआरआयपर्यंतचा सगळा पुरावा याच साच्याचा आहे : अमुक भाग बिघडला की अमुक अनुभव जातो, अमुक भाग उजळला की अमुक अनुभव येतो. ही साहचर्याची यादी आहे आणि ती मोलाची आहे. पण साहचर्य वेगळे आणि तादात्म्य वेगळे. साहचर्यातून मेंदू हा जाणिवेचा आधार ठरतो. मेंदू हीच जाणीव, हे विधान त्याच्या बरेच पुढचे आहे, आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. येथे न्यायाने हेही सांगितले पाहिजे की या दृष्टांताने अमर आत्माही सिद्ध होत नाही. त्याने फक्त एक घाईचे अनुमान अडवले जाते.

यावर भौतिकवाद्याचे नेहमीचे उत्तर असते की विज्ञानात तादात्म्ये अशीच सापडली. पाणी म्हणजे एचटूओ. उष्णता म्हणजे रेणूंची गती. मग वेदना म्हणजे अमुक मज्जातंतूंचे चेतणे, यात वावगे काय? १९५०च्या दशकात यू. टी. प्लेस आणि जे. जे. सी. स्मार्ट यांनी हीच मांडणी केली. तिला सर्वांत खोल धक्का सॉल क्रिप्के यांनी १९७० मध्ये प्रिन्स्टनला दिलेल्या व्याख्यानांत दिला, आणि तो समजायला अकोल्याचा मे महिना पुरेसा आहे.

दुपारी दोन वाजता पारा ४५च्या वर आहे. भौतिकशास्त्र म्हणते, हवेच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा अमुक इतकी आहे. तापमान म्हणजे तेच. मान्य. पण दार उघडल्याबरोबर तोंडावर येणारी झळ, डोळ्यांची आग, टाळू तापल्याची ती भावना, तिचे काय? भौतिकशास्त्राने ती झळ बाजूला काढली, ‘हा उष्णतेचा आपल्यावर होणारा परिणाम’ म्हणून मनाच्या खात्यात टाकली, आणि मगच उष्णतेचे रेणूंच्या गतीशी तादात्म्य सांगितले. ते तादात्म्य यशस्वी झाले ते यामुळेच. उष्णता आणि तिची झळ या दोन गोष्टी आहेत. जाणवणारे कुणीही नसले तरी तापलेल्या डांबरी रस्त्यावर उष्णता असतेच. वेदनेच्या बाबतीत ही सोय नाही. वेदना आणि वेदनेचे जाणवणे अशा दोन गोष्टी नसतात. जाणवणे बाजूला काढले तर वेदनाच बाजूला गेली, आणि मज्जातंतूंशी जोडायला हातात काही राहिले नाही. भौतिकशास्त्राने ज्या पद्धतीने बाकीचे जग जिंकले, ती पद्धतच अनुभव मनाच्या खात्यात टाकण्यावर चालते. आता त्याच पद्धतीने ते खातेही मिटवू म्हणणे हा हिशेबातला घोटाळा आहे.

दुसरा आक्षेप ज्ञानाचा. १९८२ मध्ये फ्रँक जॅक्सन यांनी मेरी नावाची एक काल्पनिक शास्त्रज्ञ रचली : काळ्या-पांढऱ्या खोलीत वाढलेली, रंगांविषयीचे सगळे भौतिक ज्ञान असलेली, पण रंग कधीच न पाहिलेली. आपल्याकडे कल्पनेची गरज नाही. चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) यांची दृष्टी वयाचे वर्ष पुरे होण्याआधीच गेली. पुढे दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेऊन त्यांनी प्रचंड विद्या मिळवली, शंभराहून अधिक ग्रंथ रचले, डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचीही चिकित्सा केली. अशा धारणाशक्तीच्या माणसाला प्रकाशाचे आजचे सगळे शास्त्र वाचून दाखवले असते, तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ६२० ते ७५० नॅनोमीटर, डोळ्यातल्या शंकुपेशी, मेंदूच्या मागच्या भागातला दृष्टिप्रदेश, तर त्यांनी ते मुखोद्गत केले असते आणि त्यातल्या चुकाही काढल्या असत्या. एवढ्याने कुंकवाचा तांबडा रंग कसा दिसतो हे त्यांना कळले असते का? नाही, असे उत्तर असेल तर सगळी भौतिक माहिती हाती येऊनही एक वस्तुस्थिती बाहेर राहिली. मग ‘भौतिक तेवढेच सत्य’ हे विधान अपुरे पडले.

डेव्हिड लुइस यांनी यावर पळवाट काढली : रंग पाहिल्यावर नवी माहिती मिळत नाही, फक्त ओळखण्याचे आणि आठवण्याचे कौशल्य येते. पण कौशल्य नसतानाही अनुभव असतो. कापडाच्या दुकानात दोन लालांमधला बारीक फरक समोर ठेवल्यावर दिसतो. घरी आल्यावर तो आठवत नाही, पुन्हा ओळखताही येत नाही. कौशल्य शून्य, तरी त्या क्षणी काहीतरी कळले होते. खुद्द जॅक्सन पुढे भौतिकवादाकडे वळले, हेही सांगायला हवे. लेखकाने पक्ष बदलला म्हणून युक्तिवादाचे उत्तर मिळाले असे होत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. विचार कशाविषयी तरी असतात. फ्रान्त्स ब्रेन्टानो यांनी १८७४ मध्ये हेच मनाचे लक्षण मानले. वऱ्हाडातला कपाशीचा शेतकरी घ्या. मृग कोरडा गेला, बियाणे आणून ठेवले आहे, सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहे. त्याची चिंता कशाविषयी आहे? न आलेल्या पावसाविषयी, आणि दिवाळीनंतर मिळेल की नाही अशा भावाविषयी. या दोन्ही गोष्टी आज जगात नाहीत. मेंदूतल्या पेशीचा कार्यकारणसंबंध अस्तित्वात असलेल्या गोष्टीशीच असू शकतो. न पडलेला पाऊस कुठल्याही पेशीला हलवू शकत नाही. पेशी चेतते, रसायन सुटते, पुढची पेशी चेतते. यातले कुठलेही पाऊल कशाविषयी नसते, चूकही नसते आणि बरोबरही नसते. चिंता मात्र रास्त किंवा अनाठायी असू शकते, अंदाज खरा किंवा खोटा ठरू शकतो. चिंतेला कारण आहे असे आपण म्हणतो, तेव्हा रसायनापलीकडचे कारण सांगत असतो. विदर्भात शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी सरकारने ‘प्रेरणा प्रकल्प’ चालवला. त्या समुपदेशनात गोळीबरोबर बोलणेही असते. बोलणे लागते कारण चिंतेला विषय असतो. विषयच काढून टाकला आणि केवळ रसायन उरवले, तर कापसाचा भाव हा प्रश्नच त्या माणसाच्या दुःखातून गळून पडतो.

चौथी गोष्ट दवाखान्यात रोज घडते. पोट धरून आलेल्या माणसाला डॉक्टर विचारतात, ‘शून्य ते दहामध्ये किती दुखते?’ रक्तदाबाला यंत्र आहे, साखरेला आहे, वेदना मोजायचे यंत्र नाही. मेंदूच्या चित्रांवरून वेदना ओळखण्याचे प्रयोग आहेत, पण ती चित्रे वाचायला शिकायची ती रुग्णांनी ‘आता दुखते’, ‘आता थांबले’ असे सांगितल्यावरच. चित्र आणि रुग्ण यांचे जमले नाही तर आपण रुग्णावर विश्वास ठेवतो. निदान ठेवायला हवा. म्हणजे मेंदूचा नकाशा अनुभवाच्या साक्षीवर बेतलेला आहे. ज्या साक्षीदाराच्या जबानीवर सगळा खटला उभा राहिला, तोच अस्तित्वात नाही असा निकाल देता येत नाही.

आता शंका. पहिली : आज उत्तर नसले तरी उद्या विज्ञान देईल; एके काळी जीवही असाच गूढ वाटत होता. जीवाचे कोडे सुटले हे खरे, पण ते कोडे कार्याचे होते : पचन कसे होते, वाढ कशी होते, आईबापांचे गुण पोरांत कसे उतरतात. कार्याचे उत्तर यंत्रणा दाखवून देता येते. जाणिवेच्या बाबतीत सगळी यंत्रणा दाखवल्यावरही हा प्रश्न शिल्लक राहतो की हे सारे अंधारात, कुणालाच काही न जाणवता, का चालले नाही? १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी पैज लावली की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली निश्चित खूण सापडेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत कॉख यांनी हार मानून वाइनच्या बाटल्या दिल्या. आणि ही पैज नुसत्या साहचर्याविषयी होती. तादात्म्य तर पुढचे. पैज हरल्याने भौतिकवाद खोटा ठरत नाही, पण ‘उद्या देईल’ हा पुरावा नसून उधारी आहे, एवढे त्यातून दिसते.

दुसरी शंका : जाणीव हा भासच असेल तर? डॅनिएल डेनेट आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी हा मार्ग धरला. पण दोरीवर साप भासला तर साप नसतो, भासणे असते. भास व्हायला कुणाला तरी तो व्हावा लागतो. इतर कुठल्याही गोष्टीला भास म्हणता येईल; जाणवण्यालाच भास म्हटले की पायाखालची फळी आपणच ओढून घेतली.

तिसरी शंका खरोखर अवघड आहे, ती कार्यकारणाची. देह आणि मन ही दोन स्वतंत्र द्रव्ये मानणाऱ्या देकार्तला तिचे समाधान देता आले नाही, आणि मलाही त्याची वकिली करायची नाही. पण भौतिकवाद आणि देकार्त यांच्यात तिसरी वाट आहे. बर्ट्रंड रसेल यांनी १९२७ मध्ये दाखवले की भौतिकशास्त्र वस्तू काय करते ते सांगते, तिचे दुसऱ्या वस्तूंशी नाते सांगते. ती स्वतःमध्ये काय आहे याबद्दल त्याची समीकरणे गप्प असतात. तसे असेल तर कार्यकारणाची साखळी अखंड राहूनही तिच्या कड्यांचे आतले स्वरूप समीकरणाबाहेरचे असू शकते, आणि जाणीव त्या स्वरूपाच्या जवळची असू शकते. या मतालाही अडचण आहे : सूक्ष्म अंश जुळून एकसंध ‘मी’ कसा होतो? विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच ती बोचरी करून मांडली. पण अडचण असलेली वाट आणि बंद वाट यांत फरक असतो.

चौथी शंका तर्कातली नाही, भीतीतली आहे, आणि आपल्याकडे तीच सर्वांत प्रबळ असते : भौतिकवाद सोडला की भानामती, अंगात येणे आणि बुवाबाजी यांना दार उघडेल. येथे अकोल्याचाच एक विद्यार्थी आठवावा. गोपाळ गणेश आगरकर विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्या हाताखाली अकोल्यात शिकले आणि १८७५ मध्ये येथूनच मॅट्रिक झाले. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्यांच्यावर छाप होती मिल आणि स्पेन्सर यांची. यांपैकी कुणीही जडवादी नव्हता. मिल यांनी १८६५ मध्ये जडवस्तूचीच व्याख्या संवेदनांच्या कायमच्या शक्यता अशी केली. स्पेन्सर यांनी मानसशास्त्रावरच्या ग्रंथात म्हटले की मनाचे जडात भाषांतर करायचे की जडाचे मनात, अशी निवड करावीच लागली तर दुसरी अधिक पत्करण्याजोगी. डार्विनचे कडवे पाठीराखे हक्सली यांनी १८६६ मध्ये लिहिले की मज्जातंतू चेतल्यावर जाणीव उपजते हे अल्लादिनने दिवा घासल्यावर जिन प्रकटण्याइतकेच अनाकलनीय आहे. चमत्कार आणि ग्रंथप्रामाण्य यांना धैर्याने नाकारणारी ही माणसे मनाच्या प्रश्नापुढे मात्र थांबली, कारण पुरावा तिथे थांबत होता. आगरकरांना अज्ञेयवादी म्हणतात ते याच परंपरेतून.

अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलेले प्रा. दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपुरातून ‘आजचा सुधारक’ सुरू करून आगरकरांचे नाव पुढे नेले. या वारशाचे सार एका अटीत आहे : विधान जेवढे, तेवढा पुरावा. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही भोंदूला तुझा आत्म्यावर विश्वास आहे का असे विचारत नाही. फसवलेस का, छळलेस का, एवढेच विचारतो. बुवाला पकडायला पुरावा पुरतो, जडवाद लागत नाही. उलट जडवाद हा विवेकवादाचा अनिवार्य भाग म्हणून विकला, तर ज्या दिवशी एखाद्या हुशार मुलीला वरचे आक्षेप सुचतील, त्या दिवशी ती जडवादाबरोबर विवेकवादही टाकून देईल, आणि ‘क्वांटम आत्मा’ विकणारा कोपऱ्यावर उभाच असतो.

तेव्हा सिद्धान्त असा. मेंदूवाचून आपल्याला ठाऊक असलेली कुठलीही जाणीव आढळत नाही, हे मान्य. मेंदूचे शास्त्र वाढावे, औषधे घ्यावीत, आजाराला आजार म्हणावे, हेही मान्य. पण जाणवणे, आणि विचारांचे कशाविषयी तरी असणे, या दोन गोष्टी पेशींच्या वर्णनातून निघत नाहीत. त्या जगाच्या यादीत स्वतंत्रपणे लिहाव्या लागतात. त्यांचे पेशींशी नाते काय, हा प्रश्न उघडा आहे, आणि उघडा प्रश्न मिटलेला म्हणून वर्गात शिकवणे ही अंधश्रद्धेचीच एक सुशिक्षित तऱ्हा आहे. बुवाला जो प्रश्न आपण बेधडक विचारतो, ‘हे तुम्ही कशावरून म्हणता?’, तोच केमिकलवाल्यालाही विचारायला हवा.